संभाषण शून्य

मी मुका झालोय ही बातमी पुण्यात बसलेल्या माझ्या मुलाला आधी कळली आणि इचलकरंजीत माझ्याच घरात बसलेल्या मला नंतर. तीही मेंदूच्या डॉक्टरांकडून.

झालं असं. सकाळचा चहा पिऊन मी दार उघडलं तर पायरीवर सुयोग उभा. कामाचा दिवस, ना फोन ना निरोप. त्याच्या मागं एक चष्मेवाले गृहस्थ, हातात बॅग. पोरगा आत आला, माझे दोन्ही खांदे धरले आणि माझ्या तोंडाकडं टक लावून म्हणाला, "अण्णा, काहीतरी बोला."

आता दारात उभं करून कुणी 'काहीतरी बोला' म्हटलं तर माणूस काय बोलणार? मी नुसता बघत राहिलो. सुयोगचे डोळे भरून आले. त्यानं वळून त्या चष्मेवाल्यांना मान हलवून खूण केली, म्हणजे बघा, मी म्हणत होतो तेच.

"च्यायला, काय बोलू?" मी म्हणालो.

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. जीव भांड्यात पडला म्हणावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. मला तर काहीच कळेना.

मी रावसाहेब बुगड. गावात मला राऊ जॉबर म्हणतात. जॉबर म्हणजे यंत्रमाग बिघडला की ज्याच्या नावानं ओरडतात तो. स्वभावानं तापट आहे, हे माझं मीच सांगून टाकतो. बायको गेल्यापासून घरात एकटा. एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला, सून गार्गीही तिकडंच. आणि त्यानं मला मुका का ठरवलं हे समजायचं तर आधी तारांचं समजून घ्यावं लागेल.

माझ्या तरुणपणी टीव्हीमागं तांब्याच्या तारांचा गुंता असायचा. चित्र, आवाज, सगळं त्या तांब्यातून विजेच्या रूपात जायचं. पुढं टीव्ही भिंतीएवढे झाले. चित्र इतकं बारीक झालं की बातम्या सांगणाऱ्याच्या मिशीतले पांढरे केस दिसायला लागले. एवढा माल तांब्यातून न्यायचा तर तार जाड करा, नाहीतर तोकडी करा. शिवाय ती तापते आणि शेजारच्या तारेतला गोंधळही ओढून घेते. काचेच्या तंतूला यातली एक भानगड नाही. केसाएवढी काच, तिच्यातून प्रकाश सोडायचा. प्रकाश प्रचंड वेगानं लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्यातच सगळे निरोप असतात. तांबं महागत गेलं, काच स्वस्त होत गेली. बघता बघता टीव्ही, स्पीकर, फ्रिज, गिझर, दारावरची बेल, पंखा, सगळ्यांना काचतार आली. वीज आपली वेगळ्या वायरनं जाते, पण 'चालू हो', 'बंद हो', 'एवढं गरम कर' हे हुकूम काचेतून. भिंतीवर एक डबा आणि त्यातून घरभर पांढरे धागे.

इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. घोळ पुढं आहे. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्या पोटात बारीक बारीक दोष राहतातच. त्यांच्यावर आपटून थोडासा प्रकाश मागं फिरतो. आता तारेशेजारून कुणी चाललं, कुणी खोकलं, बोललं, तर जमीन हलते, हवा हलते आणि काच अगदी कणभर ताणली जाते. ताणली की मागं फिरणाऱ्या प्रकाशाची लय बिघडते. बिघडलेला प्रकाश किती वेळानं परतला यावरून कळतं, हालचाल कुठं झाली. कशी बिघडली यावरून कळतं, काय झालं. तेलाच्या नळांवर आणि रेल्वेच्या रुळांवर पहारा ठेवायला हे फार पूर्वीपासून वापरत होते. मला ते पटायला अडचण आली नाही. चालत्या मागाच्या फ्रेमवर तळहात ठेवला की आत कुठं ढिलं झालंय ते कुठल्याही जॉबरला समजतं, त्यातलाच प्रकार.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की घराघरात काचतारा पडलेल्याच आहेत, म्हणजे घरांना आयते कान फुटलेले आहेत. 'चाहूल' नावाची सेवा निघाली. आईबाप गावी, मुलं शहरात, अशा घरांसाठी. म्हातारा किती चालला, कुठं थांबला, पडला का, किती खोकला, किती बोलला, सगळं मुलाच्या फोनवर. शब्द साठवत नाही, नुसतं मोजतो, असं कंपनी शपथेवर सांगायची. सुयोगची आई गेली आणि त्यानं ही सेवा माझ्या घराला लावली. मी नको म्हटलं नाही. तिकडं पोराला झोप लागत नव्हती.

त्याला झोप लागायला लागली आणि माझी उडाली. आधी रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. जेवलात का, काय केलं, पाय दुखतो का. चाहूल आल्यावर विचारायचं काही उरलंच नाही, त्याला सगळं ठाऊक असायचं. मग फोन यायचा तो नुसता सूचना द्यायला. "अण्णा, काल खोकला जास्त होता, काढा घ्या." "अण्णा, सकाळी फिरायला गेला नाहीत." माझ्या जिवाची घालमेल व्हायला लागली. बसलं की वाटायचं, बसलेलं मोजतोय. उठलं की वाटायचं, उठलेलं मोजतोय. मी या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालायचो, तर त्याचाही फोन. "अण्णा, तुमची अस्वस्थता वाढलेली दिसतेय." अरे बाबा, तुझ्या मोजण्यानंच वाढलीय ती.

एकट्या माणसाला तोंड असतंच. मी टीव्हीवरच्या पुढाऱ्यांना शिव्या घालायचो, दूध उतू गेलं की दुधाशी भांडायचो, माझं मलाच रागवायचो. या सगळ्या बडबडीवर चाहूल खूश होती. सुयोगच्या फोनवर माझं नाव हिरवंगार असायचं.

तेवढ्यात मालन भेटली.

भेटली म्हणजे पुन्हा भेटली. कानाच्या डॉक्टरांकडं बाकावर शेजारी येऊन बसली. आम्ही दोघं तरुणपणी एकाच कारखान्यात होतो. ती कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी भरायचं काम. मालन ढवळे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा-सुनेकडं राहते. माझे कान अर्धे गेलेत, तिचे जवळजवळ पूर्ण. त्या खटखटाटात जन्म काढलेल्यांचं असंच होतं. डॉक्टरांनी तिला मशीन दिलंय, ती ते डब्यात ठेवते. म्हणते, घालते तेव्हा फक्त सुनेचा आवाज येतो.

बाकावर बसल्या बसल्या तिनं माझ्याकडं बघून नुसते ओठ हलवले. "राऊ, म्हातारा झालास की."

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साध्या मागांच्या शेडमध्ये ओरडून काही ऐकू येत नसे. घसा फुटला तरी शेजारच्याला पत्ता नाही. म्हणून तिथं आम्ही आवाज काढणंच सोडून दिलेलं. ओठ नीट, मोठे हलवायचे, जोडीला बोटं आणि भुवया. शेडच्या या टोकावरून त्या टोकाला सूत तुटल्यापासून मालकाच्या दुसऱ्या घरापर्यंत सगळं बोलणं व्हायचं, आणि मालक मधून चालत गेला तरी त्याला वाटायचं, कामगार जांभया देतायत. त्या बोलीत शब्द छाटूनच घ्यावे लागत. अहो-जाहोला जागा नव्हती. रस्त्यात भेटलो तर आम्ही 'मालनबाई' आणि 'रावसाहेब'. ओठांनी बोलताना मात्र 'राऊ' आणि 'तू'.

ती दुपारी माझ्याकडं यायला लागली. दिवसभर सुनेच्या घरी चुलीशी राबून झालं की इथं येऊन पंख्याखाली पाय पसरून बसायची. चहा मी करायचो. आणि मग आम्ही बोलायचो. काय बोलायचो म्हणून विचाराल तर सगळंच. तिचा नवरा दारू पिऊन काय करायचा ते तिनं मला सांगितलं, जे तिनं सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. बायकोच्या शेवटच्या दिवसांत मी दवाखान्यात तिच्यावर कसा चिडायचो ते मी मालनला सांगितलं. मी उभ्या आयुष्यात एवढं बोललो नव्हतो. आणि घरात चिटपाखराचा आवाज नाही. मोठ्यानं बोलायचं दोघांच्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी, मालनचं मोठ्यानं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. ती गेल्यावर मी एकटा बडबडायचाही बंद झालो. बडबडायची गरजच संपली होती.

चाहूलनं नवी पावलं लगेच ओळखली. सुयोगनं फोन करून विचारलं, "अण्णा, दुपारी कोण येतं?"

या वयात घरी बाई येऊन बसते, हे पोराला कुठल्या तोंडानं सांगायचं? मी म्हणालो, "स्वयंपाकाला बाई लावलीय."

पोरगा खूश झाला, त्याचे सूचनांचे फोनही थांबले. मालनच्या पावलांपुढं त्यानं 'मदतनीस' असं टाकून दिलं. आणि त्यानंतर चाहूलनं बघितलं ते एवढंच, की म्हातारा दुपारभर एका मदतनीस बाईसमोर गप्प बसतो आणि बाकी दिवसही गप्पच असतो. सुयोगच्या फोनवर माझं नाव पिवळं झालं, मग तांबडं. खाली लिहून आलं, 'संभाषण शून्य. मेंदूविकाराची शक्यता. त्वरित तपासणी करावी.'

यातलं मला काहीही माहीत नव्हतं. त्या सकाळी डॉक्टरांनी मला हात वर करायला लावले, हसायला लावलं, महिने उलटे म्हणायला लावले. फाल्गुन, माघ, पौष मी धडाधड म्हणून दाखवले. डॉक्टर म्हणाले, "बोलणं तर स्वच्छ आहे." सुयोगनं फोन पुढं केला. "पण हे बघा ना, डॉक्टर. महिना झाला. माणूस लोकांसमोर उसनं अवसान आणतोच की."

डॉक्टर विचारात पडले. माझं म्हणणं ऐकायला दोघांपैकी कुणी तयार नव्हतं, कारण माझं म्हणणं आणि फोनमधले आकडे जुळत नव्हते.

"मी ठरवलंय," सुयोग म्हणाला. "अण्णा, तुम्ही माझ्याबरोबर पुण्याला येताय. गार्गीनं खोली रिकामी केलीय. हे घर भाड्यानं देऊ."

काय बोलावं याची जुळवाजुळव करतोय तोच दार ढकलून मालन आत आली; तपासण्यांत दुपार कधी झाली कळलंच नव्हतं. तिच्याकडं किल्ली असायची, पण दार उघडंच होतं. दोन परके पुरुष बघून ती उंबऱ्यातच थांबली आणि तिथूनच ओठांनी विचारलं, "कोण रे?"

मी सवयीनं ओठांनीच सांगितलं, "पोरगा. आणि डॉक्टर. मला मुका समजतायत."

तिला हसू आवरेना. तोंड दाबून, बिनआवाजाचं हसायला लागली. तेवढ्यात डॉक्टर पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, "बघा, बघा. ओठ हलतात, पण आवाज फुटत नाही."

सुयोग मालनसमोर जाऊन उभा राहिला आणि चांगल्या, समजूतदार चेहऱ्यानं म्हणाला, "मावशी, आज स्वयंपाक राहू दे. अण्णांना मी पुण्याला नेतोय. उद्यापासून तुम्ही दुसरं काम बघा."

पोरगा स्पष्ट बोलतो. त्याचे ओठ वाचायला काही त्रास पडत नाही. मालनचं हसू थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओठांनी एकच शब्द विचारला. "स्वयंपाक?"

मला सांगायला पाहिजे होतं. तिला ओठांनी आणि पोराला तोंडानं, दोघांनाही. पण माझी जीभ टाळूला चिकटली आणि ओठही हलले नाहीत. सगळ्या महिन्यात मुका झालो असेन तर तेवढ्या वेळापुरता. मालननं पदर सावरला आणि ती आल्या पावली निघून गेली.

डॉक्टर गेल्यावर मी सुयोगला सगळं सांगितलं. शेड, ओठांची बोली, मालन, दुपारचा चहा. बसून सांगता येईना, म्हणून खोलीत फेऱ्या मारत सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला. आधी सुटका, मग राग.

"आईला जाऊन किती दिवस झाले, अण्णा?"

"तू सगळं मोजतोस ना, मग तूच सांग."

हे मी बोलायला नको होतं. तो खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. तिकडंच बघत म्हणाला, "मला त्या बाईंबद्दल काही म्हणायचं नाही. पण मला कळायला नको? मी किती दिवस तिकडं वेड्यासारखा डॉक्टर शोधत फिरतोय."

पोरगा खरं बोलत होता. त्याचा हात धरावासा वाटला. तेवढ्यात त्यानं चाहूलच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडच्या मुलीनं सगळी हकिकत फार नम्रपणे ऐकून घेतली.

"सर, असा नमुना आमच्याकडे अजून आलेला नव्हता," ती म्हणाली. "काळजी करू नका. दोघांनी काही दिवस तारेच्या जवळ बसून बोलावं. ओठ उघडताना-मिटताना अगदी बारीक आवाज होतो, श्वासही बदलतो. काचतार तेवढंही पकडते. सिस्टीम शिकून घेईल. मग तुम्हाला त्यांचं संभाषणही नीट दिसेल."

सुयोगचा चेहरा उजळला. घोडं अडलं होतं ते सुटलं, असं त्याला वाटलं. "झालं की मग, अण्णा. पुण्याला यायचीही गरज नाही. त्यांना सांगा, फक्त टीव्हीजवळ बसत जा."

मालन त्या खुर्चीत बसून काय काय बोलली होती ते मला आठवलं. तिच्या नवऱ्याचं. तिच्या अंगावरच्या वळांचं. शेडमध्ये मालक मधून चालत जायचा तरी जे त्याला कधी कळलं नाही, ते आता भिंतीवरच्या डब्याला शिकवायचं. का, तर माझं नाव पोराच्या फोनवर हिरवं व्हावं म्हणून. आज मोजतील, उद्या समजूनही घेतील. शिकलेली गोष्ट कोण विसरतो?

"काढ," मी म्हणालो.

"काय?"

"तारा. सगळ्या काढ."

"अण्णा, डोकं ठिकाणावर आहे का? टीव्ही चालणार नाही, गिझर चालणार नाही. तांब्याच्या तारेवर चालणारं आता काही बनतच नाही."

"नाही चाललं तर नाही चाललं."

"आणि तुम्ही बरे आहात की नाही, हे मला कसं कळणार?"

"विचारायचं."

तो हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "आणि तुम्ही खरं सांगणार. स्वयंपाकाची बाई सांगितली तसं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. त्यानं बॅग उचलली. दारातून म्हणाला, "काढा तारा. आणि उद्या कुठं पडलात तर मला सांगू नका." रिक्षात बसेपर्यंत त्यानं मागं वळून बघितलं नाही.

मी तारा काढल्या. डब्यातून एकेक पांढरा धागा ओढला आणि पुढच्या खोलीत ढीग केला. टीव्ही काळा पडला. पंखा ज्या वेगावर होता त्याच वेगावर अडकून बसला. फ्रिज गार करत होता, पण कुणाला तरी शोधत असल्यासारखा मधूनच टिकटिक करायचा. घरात कुणी ऐकत नव्हतं आणि बोलायलाही कुणी नव्हतं. मला वाटलं होतं, आता तरी जिवाला स्वस्थता मिळेल. कसली मिळतेय. सुयोग पोचला का, मालन काय म्हणत असेल, याच फेऱ्या डोक्यात चालू राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मालनच्या गल्लीत गेलो. ती दारात मेथी निवडत बसली होती. मी समोर उभा राहिलो, ओठांनी म्हणालो, "मालन, ऐक." तिनं मान फिरवली. मी दुसऱ्या बाजूला गेलो. तिनं तिकडूनही फिरवली. बहिऱ्या माणसाशी भांडण झालं तर त्याच्या हातात हे एक मोठं हत्यार असतं. तो बघायचं बंद करतो आणि तुमचं तोंड आपोआप बंद होतं. मोठ्यानं बोलून उपयोग नव्हता, ते फक्त गल्लीला ऐकू गेलं असतं. आतून तिची सून आली. "काय काम होतं, काका?" काय काम सांगू? सहज आलो होतो म्हणालो आणि परत फिरलो.

असे काही दिवस गेले. सुयोगचा फोन नाही, मालनचं दर्शन नाही. मीही ताठ्यानं फोन केला नाही. गिझर बंद, म्हणून अंघोळीचं पाणी गॅसवर तापवायचो आणि बादलीत ओतून न्हाणीघरात न्यायचो. त्या दिवशी बादली जड झाली, पाणी हिंदकळलं, पाय घसरला. हातावर आपटलो. मनगटातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

उठता येईना. हाका मारल्या. शेजारी हवेच्या झोतानं सूत फेकणारे एअरजेटचे नवे माग घुमत होते, त्यांच्यापुढं माझा आवाज कुठला. ओल्या फरशीवर पडल्या पडल्या, खरं सांगतो, मला त्या तारांची आठवण आली. त्या असत्या तर एव्हाना पुण्यात फोन वाजला असता, इकडं कुणीतरी धावलं असतं. आपण मस्ती केली आणि आता इथंच थंड पडणार, असं वाटलं. भीती वाटली. पोराचं तोंड आठवून रडूही आलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग किल्ली फिरून दार उघडलं. मालन किल्ली परत करायला आली होती, टेबलावर ठेवून तशीच जाणार होती. पुढच्या खोलीत तिला धाग्यांचा ढीग दिसला. तो बघून ती थांबली, म्हणून तिला न्हाणीघराच्या दारातले माझे पाय दिसले.

त्या घरात तेव्हा पहिल्यांदा मालनचा आवाज निघाला. "अरे मुडद्या, मेलास का काय!" शेजारचे माग बंद झाले. चार घरची माणसं धावत आली. कुणी रिक्षा आणली, कुणी मला उचललं. दवाखान्यात ती माझा चांगला हात धरून बसली होती आणि माझ्याकडं बघत नव्हती.

संध्याकाळी प्लास्टर घालून घरी आणलं. शेजाऱ्यांनी ठेवलेलं जेवण टेबलावर होतं. मालन समोरच्या खुर्चीत बसली, पण अजून तोंड वळवलेलंच. तेवढ्यात फोन वाजला. सुयोग.

"अण्णा," तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "कसे आहात?"

केवढ्या दिवसांनी विचारलं पोरानं. बरा आहे म्हणणार होतो. शब्द ओठांवर आले होते. मालननं तेव्हा माझ्याकडं बघितलं. कोणाचा फोन ते तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असणार. तिनं ओठांनी सांगितलं, "खरं सांग."

"पडलो होतो रे," मी म्हणालो. "मनगट मोडलंय. प्लास्टर घातलंय."

मला वाटलं, आता सुरू होणार. मी सांगत नव्हतो का, तारा कशाला काढल्या. पण तो म्हणाला, "फार दुखतंय का?" मग विचारलं, "कुणी उचललं?"

"मालननं."

"त्यांना द्या ना फोन."

"तिला फोनवर ऐकू येत नाही."

"मग तुम्ही सांगा त्यांना. मी बोलतो तसं."

मी फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. चांगल्या हातानं मालनला खूण केली, इकडं बघ. तिनं बघितलं. सुयोग एकेक वाक्य म्हणत गेला आणि मी ते आवाज न काढता तिला देत गेलो. काकू, त्या दिवशी मी चुकलो. मला माहीत नव्हतं. तुम्ही होता म्हणून अण्णा वाचले. रोज एकदा त्यांच्याकडं येऊन जाल का? म्हणजे मला तिकडं घोर राहणार नाही.

माझे ओठ थरथरत होते, मालनला वाचताना त्रास होत असणार. ती डोळे बारीक करून बघत होती. सुयोगचं बोलणं संपलं. माझे ओठ थांबले नाहीत.

"हे त्याचं झालं," मी म्हणालो. "आता माझं. त्या दिवशी मी भेकडासारखा गप्प बसलो. तुला स्वयंपाकीण म्हणून सांगितलं, मला लाज वाटायला पाहिजे होती माझी, तुझी नाही. येऊन जाऊ नकोस, मालन. राहायलाच ये. लग्न म्हण, काही म्हण, गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही. "पोराला सांगशील?" तिनं विचारलं.

"आत्ता सांगतो. तू हो म्हण फक्त."

"चुलीला हात लावणार नाही मी."

"मी करीन."

"या हातानं?"

"अण्णा?" मांडीवरून सुयोगचा घाबरा आवाज आला. "अण्णा, काय झालं? काहीच ऐकू येत नाहीये. तुम्ही आहात ना?"

"आहे रे," मी म्हणालो. "थांब जरा. आम्ही बोलतोय."